हूल आणि हुकमी पान यांच्यामध्ये: पोकरमधील ‘ड्रॉ’चा इतिहास

पत्त्यांच्या खेळात हूल देणे हा स्वभावाचा दोष नसून गणिताची गरज आहे, हे जॉन फॉन नॉयमन यांनी सिद्ध केले. ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरची एक सोपी प्रतिकृती मांडली. हूल कोणत्या पानांवर द्यावी, याचे तिच्यातून निघणारे उत्तर असे: सर्वांत टाकाऊ पानांवर. उत्तम पानांवर पैज लावावी, अगदी निकृष्ट पानांवरही लावावी, मधल्या पानांवर मात्र गप्प राहावे.

उत्तर अचूक होते, पण त्या प्रतिकृतीत एकदा पाने वाटली की पुढे काहीच बदलत नव्हते. आपल्याकडील तीन पत्तीही तशीच आहे. तिन्ही पाने एकदम हातात येतात आणि उरतो तो फक्त माणसांचा खेळ. टेक्सास होल्डेममध्ये मात्र पाने येतच राहतात.

प्रत्येक खेळाडूला दोन पाने झाकलेली मिळतात. मग मधोमध सर्वांसाठी तीन पाने उघडली जातात, तो ‘फ्लॉप’. चौथे पान ‘टर्न’, पाचवे ‘रिव्हर’. दर टप्प्यावर पैज लागते आणि ‘नो-लिमिट’ प्रकारात कोणीही कोणत्याही क्षणी समोरच्या सगळ्या चिप्स पुढे सरकवू शकतो. एकाच चिन्हाची पाच पाने म्हणजे ‘फ्लश’, ओळीने लागणारी पाच पाने म्हणजे ‘स्ट्रेट’. पाचपैकी चार जुळली आणि एकाची वाट पाहणे उरले, की त्या अर्धवट अवस्थेला ‘ड्रॉ’ म्हणतात.

या अर्धवट पानांची किंमत किती, हाच येथे खरा प्रश्न आहे. फ्लॉपवर एकाच चिन्हाची चार पाने असतील, तर पुढील दोन पानांत फ्लश पूर्ण होण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. त्याच वेळी दोन्ही टोकांनी उघडा स्ट्रेटही खुणावत असेल, तर उपयोगी पाने १५ होतात आणि शक्यता ५४ टक्क्यांवर जाते. म्हणजे हातात काहीही नसलेला खेळाडू जोडी घेऊन बसलेल्यापेक्षा किंचित पुढे असतो! पण टर्न कोरडा गेला की हाच आकडा ३३ टक्क्यांवर घसरतो. म्हणून दोन्ही पाने हमखास पाहायची असतील, तर सगळ्या चिप्स फ्लॉपवरच मध्ये जाणे हिताचे ठरते. वाट पाहणाऱ्याला टर्ननंतर पुन्हा दाम मोजावे लागतात, तेही घसरलेल्या आशेवर.

हे शहाणपण विद्यापीठात जन्मले नाही. होल्डेमचे जन्मस्थान म्हणून टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ साली रॉब्सटाउन या गावाला मान दिला. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्या राज्यात फिरते जुगारी गावोगावच्या बेकायदा बैठकींत खेळत. पोलीस आणि दरोडेखोर या दोघांचीही भीती सारखीच असे. त्यांच्यापैकी डॉयल ब्रन्सन हा पाय मोडल्यामुळे बास्केटबॉलला मुकलेला तरुण होता. १९७६ आणि १९७७ अशी सलग दोन वर्षे त्याने ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा जिंकली आणि त्याच दशकाच्या अखेरीस ‘सुपर/सिस्टम’ हे जाडजूड पुस्तक काढले. ड्रॉ मिळाल्यावर मुकाट्याने मागे फरफटत जाऊ नका, तुम्हीच पैज लावा, हा त्यातील नो-लिमिट प्रकरणाचा गाभा होता. समोरचा बहुतेक वेळा पाने टाकतो आणि नाही टाकली, तरी तुमच्याकडे अजून येणारे पान असते. पुढे ब्रन्सनच सांगत असे की हे पुस्तक त्याला फार महागात पडले, कारण प्रतिस्पर्ध्यांना त्याची रीत कळली.

या रीतीला नाव दिले डेव्हिड स्क्लान्स्की यांनी: ‘सेमी-ब्लफ’, म्हणजे अर्धी हूल. तिचा हिशेब साधा आहे. मध्ये १,००० चिप्स आहेत आणि कोणी आपल्या उरलेल्या १,००० पुढे सरकवल्या. हातात काहीच नसेल, तर ही चाल निदान अंगाशी येऊ नये यासाठी समोरच्याने निम्म्या वेळा तरी माघार घ्यायला हवी. पण एकतृतीयांश वेळा जिंकून देणारा ड्रॉ असेल, तर समोरच्याने प्रत्येक वेळी बरोबरी केली तरी सरासरीने तोटा शून्य. मग त्याने घेतलेली प्रत्येक माघार हा निव्वळ नफा. नॉयमन यांच्या प्रतिकृतीला जी जागा दिसणे शक्य नव्हते, ती हीच. पाने यायची असतील तेव्हा हूल देण्यास सर्वांत टाकाऊ पाने नव्हे, तर ही अर्धवट पाने योग्य.

स्पर्धेने या हिशेबाला आणखी एक पीळ दिला. १९७० साली बेनी बिनियनच्या हॉर्सशू जुगारगृहात पहिली वर्ल्ड सिरीज झाली, तेव्हा विजेता चक्क खेळाडूंच्या मतदानाने निवडला गेला. बाद पद्धत १९७१ मध्ये आली. सगळे बक्षीस एकालाच मिळत असे, तोवर चिप म्हणजे जवळजवळ पैसाच. १९७८ पासून मुख्य स्पर्धेचे बक्षीस अनेकांत विभागले जाऊ लागले आणि गमावलेली चिप मिळवलेल्या चिपेपेक्षा मोलाची ठरली. बाद होणारा पुढच्या सर्व पायऱ्यांना मुकतो. दुप्पट चिप्स मिळवणाऱ्याचे अपेक्षित बक्षीस मात्र दुप्पट होत नाही. परिणामी ड्रॉ घेऊन आधी हल्ला करणे आणि ड्रॉ घेऊन दुसऱ्याच्या हल्ल्याला सामोरे जाणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी झाल्या. पहिलीत समोरच्याची भीती कामी येते. दुसरीत केवळ नशीब. पाने तीच, टक्केवारीही तीच, पण स्पर्धेत पहिली चाल धाडसाची आणि दुसरी बहुधा आत्मघाताची.

मे २००३ मध्ये ८३९ खेळाडूंपैकी दोनच उरले: मुरब्बी व्यावसायिक सॅमी फरहा आणि टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर. (आडनाव खरेच तेच.) मनीमेकर ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून आला होता, पहिले बक्षीस होते २५ लाख डॉलर. दोघेच उरल्यावर पायऱ्यांचे भय संपते आणि चिप पुन्हा पैशासारखी वागू लागते. एका डावात मनीमेकरकडे इस्पिक राजा व बदाम सत्ती होती. फरहाकडे इस्पिक राणी व बदाम नव्वी. फ्लॉप आला: इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की. दोघेही गप्प राहिले. टर्नवर इस्पिक अठ्ठी आली आणि मनीमेकरच्या हाती एकदम दोन ड्रॉ आले. कोणतेही इस्पिक चालेल, पंजी वा दश्शीही चालेल. फरहाने ३ लाखांची पैज लावली. मनीमेकरने ती ८ लाखांवर नेली. फरहाने बरोबरी केली.

रिव्हरवर आली बदाम तिर्री. काहीच जुळले नाही. मनीमेकरने तरीही सगळ्या चिप्स पुढे केल्या. फरहाने समोरच्याचा फ्लश हुकला असावा अशी शंका मोठ्याने बोलून दाखवली, बराच विचार केला आणि अखेर जिंकणारी पाने टाकून दिली.

लोकांच्या स्मरणात राहिली ती रिव्हरवरची हूल. वास्तविक निर्णायक चाल टर्नवरची होती. तिथे मनीमेकरकडे जिंकण्याचे दोन मार्ग होते आणि त्या वाढीव पैजेमुळेच पुढची हूल फरहाला खरी वाटू शकली. टर्नवर नुसती बरोबरी करून रिव्हरवर अचानक उसळला असता, तर त्या उसळीला आगापिछा राहिला नसता.

झाकलेली पाने दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे हा डाव घराघरांत पाहिला गेला. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला २,५७६ खेळाडू आले. त्यांत सत्तर वर्षांचा डॉयल ब्रन्सनही होता. तो ५३ वा आला.