वर्षानुवर्षं उभी स्पोर्ट्स कार सुरू करताय? थेट चावी फिरवू नका!

पोर्शे 944 चार-पाच वर्षं गॅरेजमध्ये उभी आहे. नवी बॅटरी लावली की चावी फिरवायचा मोह होतोच. घोळ नेमका तिथेच होतो.

गाडी उभी असताना इंजिनमधलं ऑईल खाली पॅनमध्ये उतरतं आणि वरचे भाग कोरडे पडतात. अशात इंजिन एकदम सुरू झालं, तर धातूवर धातू घासतो.

आधी जुनं पेट्रोल काढा. इथेनॉल मिसळलेलं असेल तर त्यात ओलावाही असू शकतो. ऑईल, फिल्टर बदला. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, तेही बघा. आपल्याकडे हे फार होतं!

944 मध्ये सगळ्यात महत्त्वाचा टायमिंग बेल्ट. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. त्यामुळे दिसायला चांगला असला, तरी जुना बेल्ट आधी बदला.

मग स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडा, पाना लावून इंजिन हाताने फिरवा. अडकलं तर जोर लावू नका, मेकॅनिकला बोलवा. फिरलं, तर डीएमई रिले काढून थोडा-थोडा वेळ स्टार्टर मारा. रिले नसल्याने पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही बंद राहतात. ऑईल प्रेशरचा काटा वर आला की प्लग, रिले परत लावा.

पहिला स्टार्ट मोकळ्या जागेत करा, पेट्रोलच्या जुन्या पाईपांवर नजर ठेवा आणि अग्निशामक हाताशी असू द्या.