लाँग, रिचर्ड

लाँग, रिचर्ड : (२ जून १९४५ – ). इंग्लिश शिल्पकार व भूमिकलेचे एक प्रवर्तक. चालण्याच्या कृतीला त्यांनी शिल्पाचे माध्यम बनवले आणि दगड, गाळ, पाणी, काटक्या अशा जागेवर मिळणाऱ्या द्रव्यांतून रचना केल्या. जन्म ब्रिस्टल येथे. तेथील वेस्ट ऑफ इंग्लंड कॉलेज ऑफ आर्टमध्ये (१९६२–६५) व नंतर लंडनच्या सेंट मार्टिन्स स्कूल ऑफ आर्टमध्ये (१९६६–६८) त्यांनी शिक्षण घेतले.

‘अ लाइन मेड बाय वॉकिंग’ (१९६७) ही त्यांची विद्यार्थिदशेतील कृती विसाव्या शतकातील शिल्पकलेला वळण देणारी ठरली. लंडनहून आगगाडीने निघून विल्टशर परगण्यातील एका कुरणात ते एकाच सरळ रेषेत पुन्हापुन्हा ये-जा करत राहिले. दबलेल्या गवतावर ऊन पडून रेषा स्पष्ट दिसू लागताच त्यांनी तिचे कृष्णधवल छायाचित्र घेतले. कुरणातली रेषा काही काळाने पुसली जाणारच होती. कलाकृती म्हणून छायाचित्र उरले. काहीही न कोरता, न ओतता, केवळ पावलांनी शिल्प घडू शकते, हे या कृतीने दाखवले.

पुढे हिमालय, सहारा, स्कॉटलंड अशा दूरदूरच्या प्रदेशांतून त्यांनी पदयात्रा केल्या. वाटेत सापडलेल्या दगडांची रेषा किंवा वर्तुळ मांडायचे, छायाचित्र घ्यायचे आणि पुढे निघायचे, ही त्यांची रीत. काही यात्रांची नोंद नकाशावरील खुणांतून, तर काहींची केवळ शब्दांतून केलेली असते. अमेरिकी भूमिकलावंतांची पद्धत याहून वेगळी होती. मायकेल हायझर यांनी ‘डबल निगेटिव्ह’साठी (१९६९) नेव्हाडात सुमारे २,४०,००० टन खडक व माती हलवली; रॉबर्ट स्मिथसन यांची ‘स्पायरल जेटी’ (१९७०) ही यूटातील सुमारे ४५७ मी. लांबीची रचनाही यंत्रांच्या साहाय्याने उभी राहिली. लाँग यांच्या कामाचे माप मात्र एका माणसाच्या शक्तीएवढे असते. निसर्गाला समजून घ्यायचे तर त्यावर फार भार टाकू नये, हा विचार त्यांच्या रचनांतून ठामपणे व्यक्त होतो, आणि तीच त्यांची मोठी देणगी होय.

कलादालनांत ते पाटीच्या दगडांची वर्तुळे जमिनीवर मांडतात, तर भिंतींवर ब्रिस्टलच्या एव्हन नदीचा पातळ गाळ हाताने सारवतात. या नदीला मोठी भरती-ओहोटी असते. पाण्याच्या त्या खेपांनीच तिच्या काठी गाळ साचतो. भिंतीवर ओल्या गाळाचे ओघळ व शिंतोडे गुरुत्वाकर्षणाने आपापली वाट घेतात. बोटांचे ठसे कलावंताचे आणि ओघळ पाण्याचे, अशी ती भिंत दोघांनी मिळून रंगवलेली असते.

महाराष्ट्राशीही लाँग यांचा संबंध आला. १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिसियां द ला तेर’ या प्रदर्शनात त्यांच्याबरोबरच डहाणू तालुक्यातील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांचाही सहभाग होता. २००३ मध्ये लाँग यांनी वारली प्रदेशात येऊन काम केले व त्याच वर्षी ड्युसेलडॉर्फ येथे दोघांचे संयुक्त प्रदर्शन भरले. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढण्याची वारली परंपरा आणि गाळाने भिंत भरणारे लाँग यांच्यात माती, पाणी, रेषा व वर्तुळ ही सामग्री समान आहे. वारली चित्रे लग्नविधी, शेती व तारपानृत्य यांच्या सामूहिक जीवनातून येतात. लाँग यांची कला बहुधा एकट्याच्या भटकंतीतून. हा फरक असूनही दोघांना समान मानाने शेजारी स्थान मिळाले, हे या संयुक्त प्रदर्शनाचे महत्त्व.

१९७६ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत लाँग यांनी ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले. टर्नर पारितोषिक (१९८९), जपानचा प्रीमियम इंपिरियाले (२००९) आणि ‘सर’ हा किताब (२०१८) हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान होत.