नाखुदांची मुंबई

‘नाखुदा’ हा शब्द आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना कवितेतून भेटतो. फारसीत नाव म्हणजे जहाज आणि खुदा म्हणजे धनी. जहाजाचा धनी किंवा कप्तान तो नाखुदा. मुंबईत हाच शब्द माणसांच्या नावांना चिकटला. त्या माणसांच्या कमाईतून शहर कसे घडले, हे मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच येते.

नाशिककरांना समुद्राचे काय, असे कोणी विचारील. पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. सोपारा आणि भडोच येथे बांधलेल्या धर्मशाळा, दमण-डहाणूकडच्या नद्यांवर ठेवलेल्या फुकट नावा, हे सारे त्यात नोंदले आहे. बंदर खाली असले तरी त्याचा हिशेब आमच्या डोंगरात कोरलेला आहे.

मुंबईत हा हिशेब पाहायचा तर शेख मेमन स्ट्रीटवरच्या जामा मशिदीत जावे. कोकणी मुसलमानांची ही मशीद १८०२ साली पूर्ण झाली. मनाऱ्यांपेक्षा तिचा पाया पाहण्यासारखा आहे. ती जुन्या तळ्यावर उभी आहे; काळ्या दगडाच्या सोळा कमानी पाण्यातून वर येऊन वरचा भार पेलतात. दर्यावर्दी लोकांनी नमाजही पाण्यावरच पढावी, हे मला फार शोभून दिसते.

याच कोकणी समाजातले रोगे घराणे जहाजांच्या धंद्यात मोठे झाले. मोहम्मद अली रोगे हे जमशेदजी जीजीभाईंचे व्यापारातले भागीदार होते. चीनला कापूस जाई, अफूही जाई. अफू वगळून हा इतिहास सांगणे प्रामाणिकपणाचे नाही. चीनच्या व्यापारात मोठे झालेल्या जमशेदजींच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा सुरू झाली, तीच जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. तेथे शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची शिल्पे क्रॉफर्ड मार्केटवर आहेत. पुढे व्हिक्टोरिया टर्मिनसचे, म्हणजे आजच्या सीएसएमटीचे, दगडी नक्षीकाम याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. पंचवटी एक्स्प्रेसने उतरणारा नाशिककर त्या पानाफुलांखालूनच घाईघाईने बाहेर पडतो.

रस्ता ओलांडला की समोर अंजुमन-ए-इस्लामची इमारत, १८९३ सालची. संस्था १८७४ ची. तिच्या संस्थापकांत बदरुद्दीन आणि कमरुद्दीन या तय्यबजी बंधूंबरोबर पुन्हा एक नाव येते: नाखुदा मोहम्मद अली रोगे, त्याच घराण्यातले. तोवर शिडांची जहाजे मागे पडून आगबोटींचे दिवस आले होते. नाखुदा ही पदवी मात्र नावापुढे टिकली, आणि या नाखुदाने मुलांसाठी मदरसा उघडायला हात लावला.

मुंबईहून हाजींचे शेवटचे जहाज १९९५ साली जेद्दाला गेले. आमच्या वर्गातल्या मुलांचे दादा-दादी त्या बोटींच्या गोष्टी अजून सांगतात: दिवसचे दिवस पाणी, आणि मग मुंबईच्या धक्क्यावर हार घेऊन उभे असलेले नातेवाईक. त्या गोष्टी मी मुलांना वहीत लिहून आणायला सांगते.