मनाची प्रतिमा : सोपारा स्तूप ते मेंदूलहरींची दृश्यकला

प्रस्तावना :
मेंदूतील विद्युत्-लहरी यंत्राने टिपून त्यांचे रंगाकृतींत रूपांतर करावयाचे आणि त्या चित्रावकाशात बसून प्रेक्षकाने आत्मावलोकन करावयाचे, हा कलाप्रकार अलीकडच्या काळात पुढे आला. त्याचे तंत्र नवे असले, तरी चित्त आणि प्रतिमा यांच्या संबंधाचा प्रश्न प्राचीन आहे. प्रस्तुत निबंधात सोपाऱ्याच्या पुराव्यापासून या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

सोपाऱ्याचा पुरावा :
इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपारा येथील 'बुरुड राजाचा कोट' या टेकाडाचे उत्खनन केले. स्तूपाच्या गाभ्यातील दगडी पेटीत तांब्याचा करंडक व त्याच्या आत एकात एक ठेवलेले चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे करंडक मिळाले. तांब्याच्या करंडकाभोवती सात मानुषी बुद्ध व भावी बुद्ध मैत्रेय यांच्या आठ कांस्यमूर्ती होत्या. त्या आठव्या-नवव्या शतकातील, म्हणजे स्तूपाहून बऱ्याच उत्तरकालीन मानल्या जातात. प्रदक्षिणा घालणाऱ्या उपासकास त्या दिसत नसत. बुद्धाचे रूप त्याला मनातच आठवावे लागे. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'त (पाचवे शतक) ध्यानाची अशीच रीत सांगितली आहे. साधकाने मातीच्या वर्तुळाकडे एकाग्रतेने पाहावे आणि डोळे मिटल्यावरही ते तसेच दिसू लागले की त्या मानसिक प्रतिमेवर चित्त स्थिर करावे. येथे बाह्य प्रतिमा हे केवळ साधन आहे.

ध्यानाचे मापन :
इ. स. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा क्ष-किरणादी साधनांनी अभ्यास चालविला. त्याच वर्षी जर्मनीत हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूच्या लहरी प्रथम नोंदविल्या. त्यांचा लेख १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळे मिटून स्वस्थ बसले असता सेकंदास ८ ते १३ आवर्तनांची 'अल्फा' लय प्रकर्षाने उमटते आणि डोळे उघडताच ती क्षीण होते, असे आढळले. १९६१ मध्ये दिल्लीचे आनंद, छिना व बलदेव सिंग यांनी योग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ध्यानावस्थेत काही योग्यांची अल्फा लय बाह्य उद्दीपनानेही खंडित झाली नाही, असे त्यांनी नोंदविले.

लहरींची कला :
१९६५ मध्ये अमेरिकन संगीतकार आल्विन लुसिये यांनी आपल्या अल्फा लहरींनी तालवाद्ये निनादविली. ती लय टिकावी म्हणून वादकाला डोळे मिटून बसावे लागे. २००३ मध्ये जपानी कलावती मारिको मोरी यांनी 'वेव्ह यूएफओ' ही रचना सादर केली. तीत एका वेळी तीन प्रेक्षकांच्या मेंदूलहरींनुसार घुमटावर रंगाकृती उमटत. येथे मात्र डोळे उघडे ठेवणे अपरिहार्य होते. म्हणजे स्वतःची शांती पाहू जाणाऱ्याच्या डोळे उघडण्यानेच त्या शांतीची खूण पुसट होण्याचा संभव निर्माण होतो.

निष्कर्ष :
कपाळावरील इलेक्ट्रोडला विचार वाचता येत नाहीत. तो असंख्य पेशींच्या विद्युत्-क्रियेची गोळाबेरीज टिपतो. कोणत्या लहरीस कोणता रंग द्यावयाचा, हेही कलावंतच ठरवितो. त्यामुळे असे चित्र म्हणजे मनाचा आरसा नव्हे, तर मनाच्या एका खुणेचा अनुवाद होय. त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही; ध्यानविधीतील मातीच्या वर्तुळाप्रमाणे ते आरंभीचे आलंबन ठरू शकते. परंतु आत्मावलोकनाचे पुढचे पाऊल चित्रापासून दृष्टी काढून घेतल्यावरच पडते. सोपाऱ्याच्या स्तूपात मिटून ठेवलेल्या मूर्ती आजच्या अभ्यासकास हेच सुचवितात.