परमिट रूम : वऱ्हाडातल्या एका पाटीचा इतिहास

अमरावती किंवा अकोल्यात शनिवारी रात्री एखाद्या तळघरातल्या बारचा जिना उतरावा. खाली निळसर प्रकाश असतो, डीजेचा ठोका छातीत घुमत असतो, मेनूकार्डावर कॉकटेलची नावे असतात. सारे काही आजचे. दारावरच्या पाटीवर मात्र दोन जुने शब्द दिसतात : 'परमिट रूम'. कसले परमिट? आणि ते कोणाला?

उत्तर कायद्याच्या नावातच आहे. महाराष्ट्रात मद्यविक्री आणि मद्यपान ज्या कायद्याखाली चालते, तो आहे 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम'. होय, दारूबंदी. मूळ नाव 'मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९'. नावातील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले ते २०१२ मध्ये. 'बंदी' तशीच राहिली. या कायद्याच्या दृष्टीने मद्यपान निषिद्धच आहे. परवाना हा त्यातला अपवाद. बीअर आणि वाइनसाठी वयाची २१ वर्षे, इतर मद्यासाठी २५. आजीवन परवाना हजार रुपयांना मिळतो, एका दिवसाचा पाचाला. परवानाधारकाने ज्या खोलीत बसून प्यावे, ती परमिट रूम. तिथे रोज बसणाऱ्यांपैकी कितीजणांच्या खिशात ते कागद असतात, हे विचारण्याचा प्रघात नाही.

हा कायदा जन्मला तेव्हा वऱ्हाड मुंबई राज्यात नव्हता. त्यामुळे गोष्ट थोडी मागून सुरू करावी लागते.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचे भाव चढले, १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला, आणि अकोला व अमरावती या कापसाच्या मोठ्या पेठा झाल्या. पैशाबरोबर दारूही आली, असे म्हणण्याची सवय आहे. ती अर्धवट खरी आहे. मोहाची दारू मेळघाटात आणि गावोगावी आधीपासूनच होती. इंग्रजी अमदानीत ती आबकारीच्या चौकटीत बसवली गेली. गाळायला परवाना, विकायला ठेका आणि प्रत्येक थेंबावर सरकारचा हिस्सा. पिणाऱ्याच्या पेल्यात सरकारचा हात गेला तो कायमचाच.

याच मुलखात, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेणगावी, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबू जन्मला. त्याचे वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. मायलेक मामाच्या आश्रयाला दापुऱ्यास, मूर्तिजापूर भागात, म्हणजे आजच्या अकोला जिल्ह्यात आले. पुढे या डेबूजींनी मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रागावले, पण पंगत गोडाचीच झाली. हेच ते गाडगेबाबा. त्यांच्या कीर्तनातील दारूविरोधाला पुस्तकी नीतीचा वास नव्हता, कारण त्यांनी दारूची किंमत स्वतःच्या घरात मोजलेली होती. तुकडोजी महाराजांनीही मोझरीच्या गुरुकुंजातून व्यसनमुक्तीचाच ध्यास धरला. वऱ्हाडातील दारूबंदीचा खरा पाया या खंजिरीत आणि खराट्यात आहे. कायदा नंतर आला.

तो पहिल्यांदा आला १९३८ मध्ये. मध्य प्रांत व वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते आणि त्याने प्रांताचा स्वतःचा दारूबंदी कायदा केला. दारूचे उत्पन्न सोडायचे तर तिजोरी कशी भरायची, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. तो आजतागायत बसलेला नाही.

मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने, गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या आग्रहाने, ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आणली. लगेच बलसारा नावाचे नागरिक न्यायालयात गेले. व्हिस्की, ब्रँडी आणि बीअर तर सोडाच, औषधी वाइन आणि ओ द कोलोनसुद्धा बाळगायचे नाही काय, असा त्यांचा सवाल होता. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरवला. औषधे व सौंदर्यप्रसाधने मात्र बंदीतून सोडवली. त्याच निकालात लष्करी मेसला दिलेली सवलतही मान्य झाली. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण बंदीच्या पहिल्याच वर्षी 'कोणाला चालेल' याची यादी बनू लागली होती. साहेबी मेसला चालेल. परदेशी पाहुण्यालाही चालेल. प्रकृतीसाठी मद्य आवश्यक आहे असा डॉक्टरचा दाखला आणणाऱ्यालाही चालेल. असा दाखला मिळवण्याची ऐपत गिरणी कामगाराकडे किंवा शेतमजुराकडे कुठून असणार? त्याच्यासाठी हातभट्टी होती आणि तिच्यामागून पोलीस.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आला. बरोबर सात आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. १९५९ मध्ये मुंबईचा दारूबंदी कायदा विदर्भालाही लागू झाला. ज्या मातीत बंदीची कीर्तने झाली, तिथे आता बंदीचे कलम आले.

आणि ती बंदी सैल केली ती वऱ्हाडच्याच एका सुपुत्राने. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले. हातभट्टी फोफावली होती, विषारी दारूचे बळी जात होते, महसूल बुडत होता. नाईकांच्या सरकारने कायदा रद्द केला नाही. परवान्याचे दार तेवढे रुंद केले. हा मार्ग राजकीयदृष्ट्या चतुर होता, यात शंका नाही : बंदीचे पुण्यही राहिले आणि अबकारीचा पैसाही परतला. गुजरातने तोच मूळ कायदा घेऊन बंदी टिकवली. महाराष्ट्राने त्याच कलमांतून परमिट रूम उभी केली. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' ही पाटीही याच वळणाची : बंदीच्या कायद्याखाली सरकारची मान्यता!

तळघरातील संगीताचा प्रवासही असाच वाकडा आहे. २००५ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने डान्स बारवर बंदी आली. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट मिळाली. पंचतारांकित नाच नैतिक आणि गल्लीतला अनैतिक, हा फरक उच्च न्यायालयाने २००६ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी अमान्य केला. पुढे नवे कायदे झाले, नव्या अटी आल्या. त्यांपैकी अनेक १७ जानेवारी २०१९ च्या निकालात गळाल्या. या साऱ्या वादात हजारो बारबालांचा रोजगार बुडाला, ही गोष्ट निकालपत्रांच्या बाहेर फारशी कोणी बोलत नाही.

डीजेच्या बाबतीत ध्वनिप्रदूषण नियम, २००० महत्त्वाचे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, पण बंदिस्त जागेतील वापराला त्यात अपवाद आहे. तळघराचे आकर्षण केवळ अंधारामुळे नाही, हे यातून उमगते.

अमरावती जिल्ह्याच्या पूर्वेला वर्धा नदी ओलांडली की हे सगळे कागदोपत्री नाहीसे होते. गांधी-विनोबांचा म्हणून वर्धा जिल्हा १९७० च्या दशकापासून दारूबंद आहे. एकच राज्य, एकच अधिनियम. नदीच्या एका काठावर परमिट रूम, दुसऱ्या काठावर गुन्हा. काठावरच्या गावांना यातून कोणता धंदा सुचतो, ते वेगळे सांगायला नको.

याच कायद्याच्या चौकटीत बायकांच्या हातीही एक शस्त्र आहे. गावातील किंवा वॉर्डातील महिलांनी मागणी केली, तर दारूच्या दुकानावर मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोनच चित्रे असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. त्या दिवशी शेतावर गेलेली, आजारी पडलेली किंवा नवऱ्याने घरात अडवलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच बाजूने मोजली जाते.