बियेलो दुग्मे

बियेलो दुग्मे : युगोस्लाव्हियातील सर्वांत लोकप्रिय हार्ड रॉक बँड. स्थापना बोस्नियाची राजधानी सारायेव्हो येथे, 1 जानेवारी 1974 रोजी. नावाचा अर्थ ‘पांढरे बटण’. पाश्चात्त्य हार्ड रॉकला बोस्नियाच्या खेड्यापाड्यांतील लोकसंगीताची जोड देऊन या बँडने एका प्रांतिक शहरातले संगीत सबंध देशाचे केले. पंधरा वर्षे गाजल्यानंतर 1989 च्या मार्चमध्ये, कोणतीही घोषणा न होता, तो थांबला. बँडचा सूत्रधार, गिटारवादक आणि जवळजवळ सर्व गाण्यांचा रचनाकार गोरान ब्रेगोविच होता.

ब्रेगोविचचा जन्म 1950 मध्ये सारायेव्होत झाला. वडील क्रोएट, युगोस्लाव्ह सैन्यात अधिकारी, आई सर्ब. लहानपणी तो संगीत शाळेत व्हायोलिन शिकत होता, परंतु तेथून त्याला काढून टाकण्यात आले. पुढे त्याने गिटार हाती घेतली आणि शाळकरी बँडमध्ये बास गिटार वाजवू लागला. त्याचे वादन ऐकून गायक झेल्को बेबेक याने 1969 मध्ये त्याला आपल्या ‘कोडेक्सी’ या बँडमध्ये घेतले. 1970 मध्ये हे तरुण इटलीत नेपल्स आणि काप्री येथील मद्यालयांत पोटापाण्यासाठी वाजवत होते. बासवादक झोरान रेजिच आणि ड्रमवादक मिलिच वुकाशिनोविच त्यांना येऊन मिळाले. वुकाशिनोविचमुळे लेड झेपलिन आणि ब्लॅक सॅबथ यांचे वजनदार संगीत ब्रेगोविचच्या हाताखालून गेले. नाचायला आलेल्या गिऱ्हाइकांना ते रुचेना आणि मालकांनी या मुलांना कामावरून काढले. पोटाचे काम गेले खरे, पण ब्रेगोविचचा कान याच काळात तयार झाला.

सारायेव्होत परतल्यावर 1971 मध्ये ‘युत्रो’ (सकाळ) हा बँड उभा राहिला. त्याच नावाचा एक बँड ल्युब्लियानातही होता. म्हणून 1974 च्या आरंभी आपल्याच एका गाण्यावरून ‘बियेलो दुग्मे’ हे नवे नाव घेण्यात आले. पहिल्या संचात ब्रेगोविच, बेबेक, बासवर याद्रांको स्तांकोविच, कीबोर्डवर व्लादो प्राव्दिच आणि ड्रमवर गोरान ‘इपे’ इवांदिच होते. स्तांकोविचच्या जागी लवकरच रेजिच आला. सारायेव्होच्या ‘दिस्कोतोन’ या ध्वनिमुद्रण कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढायला चालढकल केली; झाग्रेबच्या ‘युगोतोन’ने मात्र लगेच पाच वर्षांचा करार केला. घरच्या कंपनीने दारातून परत पाठवलेला हा बँड पुढे युगोतोनची मोठी मिळकत ठरला.

पहिला अल्बम ‘काद बि बियो बियेलो दुग्मे’ 1974 मध्येच निघाला आणि त्याच्या सुमारे 1,41,000 प्रती खपल्या. तोवर युगोस्लाव्हियात कोणत्याही रॉक अल्बमला असा खप मिळाला नव्हता. त्यात एक दीर्घ ब्लूज रचना होती, नाचायला लावणारी धिंगाणेबाज गाणी होती आणि व्लादो दियाक या कवीच्या शब्दांवर बांधलेले, आगगाडीच्या निरोपाचे ‘सेल्मा’ हे हळवे गाणेही होते. या संगीताला समीक्षक द्राझेन वर्दोल्याक याने ‘पास्तिर्स्की रॉक’, म्हणजे मेंढपाळांचा रॉक, असे नाव दिले. काहींनी ते हिणवण्यासाठी वापरले, तरी त्यातून या बँडचे मर्म नेमके कळते. युद्धोत्तर युगोस्लाव्हियात लाखो कुटुंबे खेडी सोडून कारखान्यांच्या शहरांत आली होती. त्यांची मुले लंडनहून आलेल्या तबकड्या ऐकत, पण घरी लग्नाकार्यात कानी पडणारी चाल त्यांच्या अंगात मुरलेली असे. ब्रेगोविचने गिटारच्या कर्कश गजरात तीच चाल मिसळली, आणि त्या मुलांना दोन्हींतले एक निवडण्याची गरज उरली नाही. देशाचे अध्यक्ष, अलिप्ततावादी टिटो यांच्या राजवटीत पूर्व युरोपातील इतर देशांइतकी बंधने नव्हती. पाश्चात्त्य संगीत खुलेपणाने ऐकता येई आणि सरकारी मालकीच्या कंपन्याही रॉक छापत. हे मोकळेपण नसते तर असा बँड मूळ धरू शकला नसता.

दुसरा अल्बम ‘श्ता बि दाओ दा सि ना मोम म्येस्तू’ 1975 मध्ये लंडनमध्ये, निर्माता नील हॅरिसन याच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रित झाला. रेजिचचे बोट जखमी असल्याने बासही बेबेकलाच वाजवावा लागला. शीर्षकगीताचे शब्द कवी दुश्को त्रिफुनोविचचे होते. या अल्बमच्या 2,00,000 हून अधिक प्रती खपल्या. उंच टाचांचे बूट, चमकदार पोशाख, किंचाळणाऱ्या मुली आणि गच्च भरलेली सभागृहे या साऱ्याला वृत्तपत्रांनी ‘दुग्मेमानिया’ म्हटले. पुढच्या वर्षी ‘एतो! बाश होचू!’ आला, पण तोवर सक्तीच्या लष्करी सेवेने संच विस्कटू लागला होता. प्राव्दिच सैन्यात गेल्यावर क्रागुयेव्हात्सच्या ‘स्माक’ बँडमधून लाझा रिस्तोव्स्की कीबोर्डवर आला. इवांदिचच्या जागी काही काळ वुकाशिनोविच बसला. 1977 चा दौरा फसला, सभासदांत कुरबुरी वाढल्या आणि बँड संपल्याची चर्चा सुरू झाली.

त्या चर्चेला उत्तर म्हणून 28 ऑगस्ट 1977 रोजी बेलग्रेडच्या कोशुत्न्याक उद्यानात, हायदुचका चेस्मा या झऱ्याजवळ, विनामूल्य मैफल ठेवण्यात आली. 70,000 ते 1,00,000 लोक आले. एका रॉक मैफलीला एवढा जनसमुदाय देशाने प्रथमच पाहिला. मैफलीचे ध्वनिमुद्रण तांत्रिकदृष्ट्या सदोष निघाल्याने तिच्या अल्बमसाठी तीच गाणी सारायेव्होत पुन्हा वाजवून घ्यावी लागली; त्या संध्याकाळचा फक्त श्रोत्यांचा प्रतिसादच अल्बममध्ये आहे. बँडचे दिवस भरले असे म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली. पाठोपाठ ब्रेगोविच स्वतः लष्करी सेवेसाठी निश येथे रवाना झाला. 1978 च्या सप्टेंबरमध्ये इवांदिचला हशीश बाळगल्यावरून अटक झाली आणि पुढे तुरुंगवासाची शिक्षा सुनावण्यात आली. त्याच्या जागी द्रागान यांकेलिच आला.

मोडतोडीच्या याच काळातून ‘बितांगा इ प्रिन्सेझा’ (1979) हा अल्बम घडला, आणि बेबेकच्या काळातील तो सर्वोत्तम म्हणावा लागेल. गावरान चाली येथे जवळजवळ दिसत नाहीत. त्यांची जागा पक्व, संयत रॉकने आणि दोन गाण्यांत सिंफनी वाद्यवृंदाने घेतली आहे. युगोतोनने काही शब्दांवर आक्षेप घेऊन ते बदलायला लावले. 22 सप्टेंबर 1979 रोजी बेलग्रेडच्या सैन्य क्रीडांगणावर 70,000 हून अधिक श्रोत्यांपुढे बँड वाजला.

1980 च्या मे महिन्यात टिटोंचे निधन झाले. त्याच सुमारास शहरी तरुणांत न्यू वेव्ह हा नवा प्रवाह आला होता आणि त्याच्या दृष्टीने दुग्मे हे जुन्या पिढीचे बुजुर्ग ठरत होते. ब्रेगोविचने केस कापले, चाली छोट्या, तुटक केल्या आणि वर्षअखेरीस ‘दोझिव्येति स्तोतु’ काढला. त्याचे मुखपृष्ठ मिर्को इलिच याने केले होते. काळाबरोबर चालण्याची त्याची ताकद येथे दिसते. मात्र हा अल्बम मनापासून उमटल्यापेक्षा हुशारीने जुळवल्यासारखा वाटतो. 1983 चा ‘उस्पावांका झा राद्मिलू एम.’ निरोपाचा अल्बम म्हणून योजलेला होता. त्यात अल्बेनियन भाषेतील ‘कोसोव्हस्का’ हे गाणे होते. 1981 च्या दंगलींनंतर कोसोव्हो धुमसत असताना त्या प्रांताच्या भाषेत गाणे ही साधी गोष्ट नव्हती. अल्बम फारसा खपला नाही. रचनांचे मानधन ब्रेगोविचला आणि इतरांना तुटपुंजा वाटा, ही तक्रार जुनी होती. एप्रिल 1984 मध्ये बेबेक बाहेर पडला आणि बँडच्या आयुष्यातले पहिले पर्व संपले.

नव्या गायकासाठी ब्रेगोविचने प्रथम ‘दिव्ल्ये यागोदे’ बँडच्या आलेन इस्लामोविचला विचारले होते. बेबेक परत येईल या धास्तीने त्याने नकार दिला. मग म्लादेन वोयिचिच, टोपणनाव ‘तिफा’, हा सारायेव्होचा तरुण आला, इवांदिचही परतला. 1984 च्या अल्बमला बँडचेच नाव होते, पण मुखपृष्ठावरील उरोश प्रेदिचच्या चित्रामुळे तो ‘कोसोव्हका देवोय्का’ म्हणून ओळखला जातो. आरंभी ‘हेय स्लावेनी’ हे युगोस्लाव्हियाचे राष्ट्रगीत. पुढे झाग्रेबच्या लादारित्से या स्त्री-गायकवृंदाचे स्वर आणि स्कोप्ये रेडिओचा लोकवाद्यवृंद. मेंढपाळांचा रॉक परतला होता, पण आता त्यात बोस्नियाबरोबर क्रोएशिया आणि मॅसेडोनियाही होते. 4,20,000 हून अधिक प्रती खपल्या. अचानक आलेल्या प्रसिद्धीचे ओझे तिफाला पेलले नाही. 1985 मध्येच तो निघून गेला.

या वेळी इस्लामोविचने होकार दिला. ‘प्ल्युनि इ झाप्येवाय, मोया युगोस्लाव्हियो’ (1986) हा अल्बम राजकीय हेतूने रचलेला होता. वेगवेगळ्या काळांत राज्यकर्त्यांची मर्जी गमावलेल्या मंडळींना त्यात सामील करून घ्यावे, अशी ब्रेगोविचची इच्छा होती. क्रोएशियात राष्ट्रवादी ठरवून बंदी घातलेला गायक वित्से वुकोव आणि चित्रकार मिचा पोपोविच यांची नावे त्याच्या मनात होती. ते जमू दिले गेले नाही. अखेर ज्येष्ठ पार्टिझन नेता स्वेतोझार वुकमानोविच-तेंपो याने अनाथाश्रमातील मुलांसह एक जुने क्रांतिगीत अल्बमसाठी गायले. देश एक ठेवा, ही हाक त्यात स्पष्ट होती. रॉकच्या भाषेत ती इतक्या मोकळेपणाने घालणे हे धाडस होते, आणि ब्रेगोविचच्या श्रेयाची बाजू मांडताना ते विसरता कामा नये.

शेवटचा अल्बम ‘चिरिबिरिबेला’ 1988 मध्ये निघाला. मुखपृष्ठावर एडवर्ड हिक्सचे नोआच्या नौकेचे चित्र होते. ‘लियेपा नाशा’ या रचनेत क्रोएशियाचे राष्ट्रीय गीत आणि पहिल्या महायुद्धातील सर्बियन सैनिकांचे गीत एकत्र गुंफले होते. दोन्ही बाजूंच्या कडव्या मंडळींना ते खुपले. रोमा लोकांच्या पारंपरिक चालीवर आधारलेले ‘जुर्जेवदान’ मात्र सर्वांनी उचलले. ते आजही पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील साऱ्या देशांत लग्नसमारंभांत गायले जाते. दौऱ्यात काही ठिकाणी ऐक्याच्या गाण्यांवर श्रोत्यांनी हुर्यो उडवली, वस्तू फेकल्या. 15 मार्च 1989 रोजी देर्व्हेंता येथे इस्लामोविच मूत्रपिंडाच्या वेदना सहन करत गायला आणि दुसऱ्या दिवशी पुढचे कार्यक्रम सोडून परतला. चीन आणि सोव्हिएत संघाचे ठरलेले दौरे रद्द झाले. इस्लामोविचने स्वतंत्र अल्बम काढला, ब्रेगोविच पॅरिसला गेला. विसर्जनाची घोषणा कोणीच केली नाही.

बँड देशाबरोबर फुटला असे अनेकदा लिहिले जाते. कालक्रम तसे सांगत नाही. फूट पडली ती पैसा, लष्करी सेवा, आजारपण आणि एका माणसाच्या हाती एकवटलेली सत्ता या घरगुती कारणांनी, पहिली गोळी सुटण्याच्या दोन वर्षे आधी. युद्धाने हिरावली ती पुन्हा एकत्र येण्याची शक्यता. 1992 ते 1996 या काळात सारायेव्हो वेढ्यात होते. बेबेक झाग्रेबला स्थायिक झाला होता. इवांदिचचा 12 जानेवारी 1994 रोजी बेलग्रेडमध्ये हॉटेलच्या उंच मजल्यावरून पडून मृत्यू झाला. ब्रेगोविच एमिर कुस्तुरित्साच्या ‘टाइम ऑफ द जिप्सीज’ (1988) आणि ‘अंडरग्राउंड’ (1995) या चित्रपटांच्या संगीताने जगभर पोहोचला.

2005 च्या जूनमध्ये तिन्ही गायकांसह बँड पुन्हा मंचावर आला. 15 तारखेला सारायेव्हो, 22 ला झाग्रेब, 28 ला बेलग्रेड. तोवर ही तीन वेगळ्या देशांची शहरे झाली होती. बेलग्रेडच्या घोडदौडीच्या मैदानावर 2,00,000 हून अधिक लोक जमल्याचा अंदाज आहे. रिस्तोव्स्कीचे 2007 मध्ये निधन झाले. बँडची ओळख करून घेऊ पाहणाऱ्याने 1974, 1979 आणि 1984 चे तीन अल्बम या क्रमाने ऐकावेत. बाकीचे त्यांच्या मानाने दुय्यम आहेत.