करसवलतीची किंमत : घरगुती बचतीचा दीडशे वर्षांचा व्यवहार

भारतातील मध्यमवर्गीय कुटुंबाने आपला पैसा टपाल कचेरीत ठेवावा, विम्याचा हप्ता भरावा की बँकेत मुदत ठेव करावी, हे ठरण्यात घरच्या काटकसरीच्या संस्कारांइतकाच सरकारी तिजोरीतील चणचणीचा वाटा राहिला आहे. १८५७ च्या उठावाचा खर्च, दोन महायुद्धे आणि स्वातंत्र्यानंतरच्या पंचवार्षिक योजना या प्रत्येक वेळी सरकारला पैसा हवा होता, आणि तो एकतर कर लावून वसूल करता येई किंवा बचतीच्या रूपाने लोकांकडून उसना घेता येई. करसवलत ही या दोन मार्गांमधील तडजोड होय. कराचा काही भाग सरकारने सोडून द्यावा आणि त्याच्या मोबदल्यात कुटुंबाने आपली शिल्लक ठरावीक वर्षांसाठी सरकारच्या हवाली करावी, असे तिचे स्वरूप होते. कर वाचवण्याच्या घरगुती पद्धती या सौद्यातूनच घडल्या, आणि सौद्याच्या अटी बदलल्या तशा त्या पद्धतीही बदलत गेल्या.

उठावानंतर डबघाईला आलेला हिंदुस्थान सरकारचा जमाखर्च सावरण्यासाठी जेम्स विल्सन या वित्तसदस्याने १८६० मध्ये प्राप्तिकर आणला. वार्षिक २०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न करमुक्त ठेवलेला तो कायदा पाच वर्षांनी संपुष्टात आला. त्यानंतर परवाना कर आणि तात्पुरते प्राप्तिकर असे प्रयोग होत राहिले, आणि १८८६ च्या कायद्याने हा कर कायमचा झाला. या कायद्यातील तीन तरतुदींनी पुढील शतकभराच्या घरगुती हिशेबाची चौकट आखून दिली. शेतीचे उत्पन्न करातून वगळले गेले, स्वतःच्या आयुर्विम्याच्या हप्त्याला उत्पन्नाच्या एकषष्ठांश मर्यादेपर्यंत सूट मिळाली, आणि करदात्या ‘व्यक्ती’च्या व्याख्येत हिंदू अविभक्त कुटुंबाचा समावेश झाला. विम्याच्या सवलतीचा लाभ अर्थातच मूठभरांपुरता होता, कारण कर देण्याइतके उत्पन्न असलेले लोकच फार थोडे होते. तथापि विमा हा मृत्यूनंतरची तरतूद असण्याबरोबरच कर वाचवण्याचाही मार्ग आहे, ही समजूत नोकरदार वर्गात तेव्हापासून रुजू लागली.

हिंदू अविभक्त कुटुंब, म्हणजे समाईक मिळकतीवर एकत्र नांदणारे आणि कर्त्याच्या हाती कारभार असणारे कुटुंब, हे करआकारणीचे स्वतंत्र एकक ठरल्याचे परिणाम दूरगामी झाले. मिताक्षरा परंपरेप्रमाणे, जी महाराष्ट्रात प्रचलित होती, वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच निर्माण होई. त्यामुळे एखाद्या गृहस्थाचा पगार किंवा वकिलीचे उत्पन्न त्याच्या स्वतःच्या नावे आणि वाड्याचे भाडे कुटुंबाच्या नावे दाखवले, तर एकाच घरातील उत्पन्न दोन करदात्यांमध्ये विभागले जाई आणि दोघांनाही करमुक्त मर्यादेचा लाभ मिळे. १९२२ च्या कायद्याने कुटुंबाच्या उत्पन्नातून सदस्याला मिळालेल्या रकमेवर पुन्हा कर लागणार नाही, हेही स्पष्ट केले. पत्नीच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावे मालमत्ता करून उत्पन्न फोडण्याची युक्ती मात्र सरकारच्या लवकर लक्षात आली, आणि १९३७ च्या दुरुस्तीने असे उत्पन्न हस्तांतर करणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवण्याचा नियम झाला. तरीही अविभक्त कुटुंबाची दुसरी वाट, म्हणजे एखादीच मिळकत किंवा काहीच सदस्य वेगळे करणारी आंशिक वाटणी, बराच काळ खुली राहिली. ३१ डिसेंबर १९७८ नंतर झालेल्या अशा वाटण्या करासाठी ग्राह्य धरायच्या नाहीत, असे १९८० मध्ये ठरले, तेव्हा ती बंद झाली.

गोव्याची घडी याहून वेगळी होती. तेथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू होती आणि वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर पतिपत्नीची मिळकत समाईक धरली जाई. मुक्तीनंतर १९६३ पासून भारतीय प्राप्तिकर कायदा गोव्यात लागू झाल्यावर या समाईक उत्पन्नावर कर कोणी भरायचा, याबद्दल वाद उभे राहिले. अखेर १९९४ मध्ये ‘५अ’ हे कलम पूर्वलक्षी प्रभावाने घालण्यात आले आणि त्यानुसार पगार वगळता घरभाडे, व्यापार, व्याज इत्यादी उत्पन्न पती आणि पत्नी यांच्यात निम्मे निम्मे विभागले जाऊ लागले. पणजीतील दुकानाचे उत्पन्न अशा रीतीने दोन विवरणपत्रांत जाते, तर सीमेपलीकडे सावंतवाडीत तेवढाच नफा मिळवणाऱ्या एकट्या दुकानदाराला तो एकाच विवरणपत्रात दाखवावा लागतो. विवाहाचा कायदा बदलला की कराचा आकडाही बदलतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण भारतात क्वचितच सापडेल.

प्राप्तिकराच्या जोडीने सरकारी बचतीची यंत्रणाही वाढत होती. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या इलाख्यांच्या राजधान्यांत १८३० च्या दशकात सरकारी बचत बँका निघाल्या, आणि १ एप्रिल १८८२ रोजी टपाल खात्याची बचत बँक सुरू झाल्यावर तालुक्याच्या गावापर्यंत पासबुक पोहोचले. सावकारापाशी किंवा पेढीवर ठेव ठेवताना पेढीच बुडण्याची जी धास्ती असे, ती येथे नव्हती. पहिल्या महायुद्धात १९१७ साली टपाल कचेरीतून रोख प्रमाणपत्रे विक्रीला आली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यावरील खर्चामुळे बाजारात पैसा वाढून महागाई भडकली, तेव्हा लोकांच्या हातातील रोकड काढून घेण्यासाठी १९४३ मध्ये बारा वर्षांच्या मुदतीची राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रे काढण्यात आली. दहा रुपयांच्या प्रमाणपत्राचे मुदतीअखेर पंधरा रुपये होत आणि वाढीव रकमेवर प्राप्तिकर नसे. पैसा अडकवून ठेवण्याच्या बदल्यात करमाफी, हे सूत्र येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर सामान्य खातेदारासमोर मांडले गेले.

स्वातंत्र्यानंतर या सूत्राला नियोजनाचे अधिष्ठान मिळाले. राष्ट्रीय बचत संघटना उभी राहिली, तिचे मुख्यालय पुढे दीर्घकाळ नागपुरात होते, आणि जमलेल्या अल्पबचतीचा मोठा हिस्सा संबंधित राज्याला कर्जाऊ मिळत असल्याने राज्य सरकारांनाही तिच्यात रस निर्माण झाला. जिल्हाधिकारी कार्यालयांना मार्चअखेरपर्यंत गाठायची उद्दिष्टे ठरू लागली आणि शाळांमधून विद्यार्थ्यांची ‘संचयिका’ निघाली. १ एप्रिल १९७२ पासून महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेखाली स्त्रियांना एजंट नेमण्यात आले. टपाल खात्यातील पाच वर्षांच्या आवर्त ठेवीचा, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरण्याच्या खात्याचा, हप्ता या एजंट घरोघरी जाऊन गोळा करत, खातेदाराजवळच्या कार्डावर नोंद करून सही करत, आणि सगळ्यांचे हप्ते एकत्रित यादीने टपाल कचेरीत भरत, त्यावर त्यांना ४ टक्के कमिशन मिळे. ज्या गृहिणीला नवऱ्याच्या पगारातून बाजूला काढलेले पैसे स्वतः कचेरीत जाऊन भरणे जमत नसे, तिच्या दृष्टीने ही व्यवस्था म्हणजे दारात आलेली बँकच होती.

सरकारी योजनांच्या बाहेर भिशी आणि पिग्मी यांचे जग होते. भिशीत ओळखीतील काही जण दरमहा सारखी वर्गणी जमवून चिठ्ठी काढून किंवा बोली लावून एकेकाला ती सगळी रक्कम देतात. पिग्मीत बँकेचा किंवा पतसंस्थेचा माणूस दुकानदाराकडून रोजच्या रोज छोटी रक्कम घेऊन जातो. ही पद्धत मणिपालच्या पै कुटुंबाने स्थापन केलेल्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये दोन आणे रोजाने सुरू केली आणि महाराष्ट्रातील सहकारी बँकांनी ती अंगवळणी पाडून घेतली. या दोन्ही प्रकारांत करसवलत नव्हती. पण गरज पडली की पैसा हाती येई. करसवलतीच्या योजनेत नेमके हेच मिळत नसे, आणि म्हणून बहुतेक घरांत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदत राहिले.

कर वाचवण्याला सर्वाधिक धार आली ती १९७० च्या दशकात. १९७३-७४ मध्ये अधिभारासह प्राप्तिकराचा कमाल दर ९७.७५ टक्क्यांवर पोहोचला होता. वांच्छू समितीने इतक्या चढ्या दरामुळे करचुकवेगिरीच वाढते असा निष्कर्ष काढल्यानंतर अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी १९७४-७५ च्या अंदाजपत्रकात तो ७७ टक्क्यांवर आणला. अशा दरांच्या काळात गुंतवलेल्या रकमेची उत्पन्नातून वजावट मिळणे फार मोलाचे होते. १९६८ मध्ये सुरू झालेला सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजेच घरोघरी परिचित असलेला पीपीएफ, याच काळातील होय. पगारदारांना भविष्य निर्वाह निधी होता, पण वकील, डॉक्टर, दुकानदार यांना तसे काही नव्हते, ही उणीव त्याने भरून काढली. मुदत पंधरा वर्षांची, सुरुवातीचा व्याजदर ४.८ टक्के, व्याज करमुक्त, आणि न्यायालयाच्या हुकमानेही कर्जापोटी जप्त न होणारी शिल्लक, अशी त्याची वैशिष्ट्ये होती. १९८६ ते २००० या काळात त्याचा व्याजदर १२ टक्के झाला, तेव्हा ४० टक्के दराने कर भरणाऱ्याला बँकेकडून तेवढेच निव्वळ व्याज मिळवण्यासाठी २० टक्के दराची ठेव शोधावी लागली असती.

वजावटीच्या या पद्धतीत एक विषमता होती. गुंतवलेल्या एक हजार रुपयांवर ५० टक्के दराने कर भरणाऱ्याचे ५०० रुपये वाचत, तर २० टक्के दर लागणाऱ्या कारकुनाचे २०० च वाचत. म्हणून १९९० च्या वित्त कायद्याने ‘८८’ हे कलम आणले आणि उत्पन्नातून वजावट देण्याऐवजी गुंतवणुकीच्या २० टक्के रक्कम थेट करातून कमी करण्याची रीत सुरू केली. त्यामुळे हजार रुपयांवर दोघांचेही २०० रुपयेच वाचू लागले. २००५ मध्ये हे कलम जाऊन ‘८०क’ म्हणून ओळखली जाणारी वजावट एक लाखाच्या मर्यादेसह परतली, २०१४ मध्ये मर्यादा दीड लाख झाली, आणि वरच्या टप्प्यातील करदात्याला पुन्हा जास्त लाभ मिळू लागला.

या सवलतींनी कुटुंबांना तारखांचे भान शिकवले. बँकेच्या बचत खात्यावरील व्याज पूर्वी महिन्याची दहा तारीख ते महिनाअखेर या काळातील किमान शिलकीवर मोजले जाई, म्हणून जाणता खातेदार पैसे दहा तारखेच्या आत भरी आणि मोठी रक्कम शक्यतो पुढच्या महिन्याच्या आरंभी काढी. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज मिळू लागल्यावर ही दक्षता अनावश्यक झाली. पीपीएफमध्ये मात्र पाच तारखेचा तसाच नियम टिकून आहे. दीड लाख रुपये ५ एप्रिलपूर्वी भरले, तर ७.१ टक्के दराने त्या वर्षाचे १०,६५० रुपये व्याज पदरात पडते. तीच रक्कम कार्यालयात गुंतवणुकीचा पुरावा द्यायची वेळ येईपर्यंत थांबून मार्चअखेर भरली, तर करसवलत तेवढीच मिळते, पण त्या रकमेवर त्या वर्षाचे व्याज मिळत नाही. मार्चच्या घाईत घेतलेल्या विमा पॉलिसींची कथा याहून वाईट होती, कारण एका वर्षाचा कर वाचवण्यासाठी पंधरा-वीस वर्षांचे हप्ते गळ्यात पडत आणि पॉलिसी मध्येच सोडल्यास भरलेल्या पैशातलाही बराच भाग जाई.

ठेवीच्या सुरक्षिततेचा धडा मात्र कर कायद्याने दिला नाही, तो बुडालेल्या बँकांनी दिला. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक कोसळल्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवविमा सुरू झाला, त्या वेळी संरक्षण दर ठेवीदारामागे १,५०० रुपयांचे होते. ही मर्यादा १९९३ मध्ये एक लाखावर गेली आणि तेथेच सत्तावीस वर्षे राहिली. २०१९ मध्ये मुंबईतील पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातल्यावर जो हाहाकार उडाला, त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख करण्यात आली. ही मर्यादा एका बँकेतील सर्व शाखांतील ठेवी व व्याज मिळून मोजली जात असल्याने, एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागून संरक्षण वाढत नाही. त्यासाठी वेगळ्या बँका, किंवा नावांचा वेगळा क्रम असलेली संयुक्त खाती लागतात. अर्धा-एक टक्का जादा व्याजासाठी निवृत्तीची सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवणाऱ्या कुटुंबांना हा हिशेब अनेकदा उशिरा कळला. पतसंस्थांना तर या विम्याचे छत्रच नाही.

१८८६ पासून चालत आलेला हा सौदा आता सरकारच मोडीत काढत आहे. २०२०-२१ पासून कमी दरांची पण बहुतेक वजावटी नसलेली नवी करप्रणाली पर्याय म्हणून आली, २०२३-२४ पासून तीच मूळ प्रणाली झाली, आणि २०२५-२६ पासून तिच्यात बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर लागत नाही. सरकारला आज कर्ज घेण्यासाठी रोखेबाजार उपलब्ध असल्याने घरगुती बचतीसाठी करात सूट मोजण्याची पूर्वीइतकी निकड राहिलेली नाही. परिणामी, ज्या कुटुंबाची गुंतवणूक केवळ कराच्या धाकाने होत होती, त्याच्यापुढे ती का करायची हा प्रश्न प्रथमच उभा राहिला आहे. सवलतीने पैसा अडकवला, हे खरे. पण त्या अडकण्यामुळेच असंख्य घरांत मुलीचे शिक्षण आणि म्हातारपणाची सोय झाली, हेही तितकेच खरे. मुदत, जोखीम आणि पैसा हाती येण्याची सोय यांचा जो विचार आजवर कायद्याच्या कलमांनी कुटुंबासाठी केला, तो यापुढे कुटुंबाला स्वतः करावा लागेल, आणि त्यात चूक झाली तर तिची भरपाई कोणत्याही वजावटीतून होणार नाही.